‘गेट’ला घाबरू नका, आपल्याकडे ‘लागणे’ आहे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी सोळा वर्षं काम करते. अगदी सुरुवातीला परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचा एका ओळीचा मेल आला: “वी विल गेट द टॉवेल्स टेस्टेड अँड गेट बॅक टू यू.” मी मराठी शाळेत शिकलेली. गेट म्हणजे मिळणे आणि बॅक म्हणजे परत, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. मी शेठना जाऊन सांगितलं, “त्यांना टेस्ट केलेले टॉवेल पाहिजेत, आणि माल परत येणार म्हणतात.”

शेठनी जेवणाचा डबा उघडला होता, तो तसाच बंद केला. त्याच रात्री पॅकिंगमधला एक पोरगा सॅम्पलं घेऊन मुंबईच्या गाडीत बसला. लॅबचे पैसे भरले. परत येणारा माल कुठे ठेवायचा म्हणून गोडाऊनचा एक कोपरा रिकामा केला. आठ दिवसांनी दुसरा मेल आला तेव्हा उलगडा झाला: टॉवेल त्यांनी तिकडेच तपासून घेतले होते, रंग पक्का निघाला होता आणि ऑर्डर नक्की झाली होती. “गेट बॅक टू यू” म्हणजे नुसतं “तुम्हाला कळवतो”. माल परत वगैरे काही नव्हतं. शेठ ओरडले नाहीत, पण पुढे वर्षभर माझा प्रत्येक मेल आधी त्यांच्या पुतण्याला दाखवायला लागायचा.

या एका शब्दाने मला जितकं छळलं तितकं सगळ्या व्याकरणाने मिळून छळलं नसेल. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे. नोकरीसाठी इंग्रजी शिकणारे, कॉल सेंटरच्या मुलाखतीला जाणारे, पोरांचा अभ्यास घेता घेता स्वतः अडखळणारे आईवडील, अशा सगळ्यांसाठी.

सुरुवात करण्याआधी

सामान फार लागत नाही. दोनशे पानी वही, दोन रंगांची पेनं, आणि इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, ज्यात प्रत्येक अर्थाखाली वाक्य दिलेलं असतं. नुसता इंग्रजी-मराठी खिशातला कोश या कामाला उपयोगाचा नाही. त्यात ‘गेट’समोर मिळणे, होणे, पोहोचणे, आणणे, समजणे अशी आगगाडी असते आणि कोणता डबा कधी जोडायचा ते लिहिलेलं नसतं. मोबाईलवरचं भाषांतराचं ॲप ठेवा, पण उत्तर तपासायला. उत्तर शोधायला नको.

मी आधी हेच केलं होतं. ‘गेट’चे तीस-बत्तीस अर्थ वहीत उतरवले आणि पाठ केले. मेल समोर आला की बत्तीसपैकी एकही आठवायचा नाही.

डोकं उघडलं ते आमच्या शेजारणीच्या सुनेमुळे. पोरगी तेलंगणातून लग्न होऊन आलेली, घरात तेलुगू, पण गल्लीत मराठी शिकायची तिची जिद्द दांडगी. एका संध्याकाळी शेंगा निवडताना ती मला म्हणाली, “ताई, तुम्ही भूक लागली म्हणता, ठेच लागली म्हणता, नोकरी लागली, फोन लागला, चटणी तिखट लागली, पाऊस लागला, जावं लागलं. मग लागणे म्हणजे नेमकं काय ओ?”

मला सांगता येईना. सांगता येईना, पण वापरताना मी आयुष्यात कधी चुकले नव्हते. कारण आपण ‘लागणे’चा अर्थ ‘लागणे’त शोधतच नाही, शेजारी कोण बसलंय ते बघतो. भूक असली की वेगळा, फोन असला की वेगळा, ‘जावं’ असलं की अजून वेगळा. ‘गेट’चंही तेच आहे. त्याला स्वतःला जवळपास अर्थ नाही. त्याच्या पुढे काय आलंय ते बघा, अर्थ आपोआप ठरतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: उच्चार आणि रूपं नीट बसवा

फाटकाचं गेट आणि हे गेट मराठीत आपण एकसारखंच लिहितो, त्यामुळे बोलतोही एकसारखंच. फाटकाच्या गेटमधला ‘ए’ लांब असतो. क्रियापदातला तोकडा, तोंडातून निसटल्यासारखा. मराठीत या दोन ‘ए’ना वेगळी अक्षरं नाहीत, पण कन्नड आणि तेलुगूत आहेत. म्हणून पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू शेजाऱ्यांना हा फरक सहज जमतो. कन्नड माणूस ‘कुठे’ या अर्थी ‘एल्ली’ म्हणतो तेव्हा कान देऊन ऐका, तो तोकडा ‘ए’ आपल्याला पाहिजे. सोलापुरात राहून हा सराव फुकट होतो.

रूपं तीनच: आज ‘गेट’, काल ‘गॉट’, आणि ‘हॅव’नंतरही ‘गॉट’. अमेरिकेत ‘हॅव’नंतर बऱ्याचदा ‘गॉटन’ म्हणतात. ते चूक नाही, जुनं आहे. ‘फरगॉटन’मध्ये ते अजून सगळीकडे टिकलंय. ‘गेटिंग’ लिहिताना टी दोनदा. माझ्याकडे येणाऱ्या दहा अर्जांपैकी चारांत तरी एकच टी असतो.

थोडं विषयांतर. हा शब्द मूळचा इंग्लंडचा नाही. इंग्लंडवर चालून आलेल्या आणि मग तिथेच वसलेल्या व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतलं ‘गेटा’ म्हणजे मिळवणे, त्यावरून तो आला. परका शब्द घरात येऊन घरच्यांपेक्षा जास्त राबतो, हे आपल्या शहराला नवीन नाही.

पायरी २: पुढे वस्तू असेल तर मिळणे, घेणे, आणणे

“आय गॉट अ जॉब” म्हणजे नोकरी लागली. “सोलापुरी चादर गॉट द जीआय टॅग” म्हणजे चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. “आय गॉट धिस फ्रॉम नवी पेठ” म्हणजे हे मी नव्या पेठेतून घेतलं. मिळालं की घेतलं, हे बाकीच्या वाक्यावरून कळतं. पैसे दिले असतील तर घेतलं.

मध्ये माणूस आला की अर्थ ‘आणून देणे’ होतो: “गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर”, मला पेलाभर पाणी आणून दे. “शॅल आय गेट यू सम टी?” म्हणजे तुमच्यासाठी चहा आणू का? इथे ‘मी’ आणि ‘यू’च्या आधी ‘टू’ घालायचा मोह आवरा. “गेट टू मी वॉटर” असं कुणी म्हणत नाही.

आजारही याच रांगेत: “ही गॉट डेंग्यू”, त्याला डेंग्यू झाला. इंग्रजीत आजार ‘मिळतो’, याचं मला अजून हसू येतं.

आणि समजणे हा अर्थही खरं तर इथलाच, कारण पुढे सांगितलेली गोष्ट असते. “आय गेट इट”, कळलं. “आय डोन्ट गेट द जोक”, विनोद कळला नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने आमच्या दरपत्रकावर “आय डोन्ट गेट धिस” असं लिहिलं. आमच्या नव्या मुलीने लगेच उत्तर दिलं, “सर, यू विल गेट बाय मंडे.” त्यांना दर समजत नव्हते, आणि आम्ही सोमवारी पोचवायचं वचन देऊन मोकळे.

सापळा: आपल्याकडे फोनवर सर्रास “आय ॲम नॉट गेटिंग यू” म्हणतात. भारतात चालतं, बाहेरच्याला खटकतं. समजण्याच्या अर्थी साधा वर्तमानकाळ वापरा: “आय डोन्ट गेट यू”. आणि आवाजच येत नसेल तर ‘गेट’ सोडा, “आय कान्ट हिअर यू” म्हणा.

पायरी ३: पुढे विशेषण असेल तर होणे

टायर्ड, हंग्री, अँग्री, ओल्ड, बेटर, हॉट. यांच्या आधी ‘गेट’ आलं की काहीतरी बदलतंय. “आय ॲम टायर्ड” म्हणजे मी दमलेय. “आय ॲम गेटिंग टायर्ड” म्हणजे दमायला लागलेय. बघा, आपलं ‘लागणे’ कसं न बोलावता आलं. “इट्स गेटिंग हॉट” हे वाक्य सोलापुरात मार्चपासून रोज वापरता येतं. मेमध्ये “इट इज हॉट” एवढंच उरतं, कारण बदलायला काही शिल्लकच नसतं.

इथला सर्वांत मोठा खड्डा असा: पुढे विशेषणाऐवजी नाम ठेवलं की ‘होणे’ नाहीसं होतं. “माझा भाऊ डॉक्टर झाला” याचं “माय ब्रदर गॉट अ डॉक्टर” केलंत तर अर्थ होतो, माझ्या भावाने डॉक्टर मिळवला. कुणाला तरी तपासायला. तिथे ‘बिकेम’ लागतं: “माय ब्रदर बिकेम अ डॉक्टर”. ही चूक मुलाखतीत फार ऐकू येते, कारण “आय वॉन्ट टू गेट अ मॅनेजर” हे म्हणणाऱ्याला अगदी बरोबर वाटत असतं.

दुसरा खड्डा छोटा आहे. “मला उशीर होतोय” याला आपण “आय ॲम गेटिंग लेट” म्हणतो. इंग्लंड-अमेरिकेत माणूस ‘लेट’ होत जात नाही, वेळ होत जाते: “इट्स गेटिंग लेट”. स्वतःबद्दल बोलायचं तर “आय ॲम रनिंग लेट”. सात रस्त्याच्या सिग्नलवर अडकून फोन करताना हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा.

पायरी ४: पुढे जागा असेल तर पोचणे

“वी गॉट टू पुणे ॲट टेन”, दहाला पुण्याला पोचलो. जागेच्या आधी ‘टू’ हवा. पण होम, हिअर आणि देअर या तिघांना ‘टू’ चालत नाही: “गेट होम”, “गेट हिअर”, “गेट देअर”. “गेट टू होम” लिहिलेलं मी शिक्षकांच्या हातचंही पाहिलंय. उलट ‘रीच’ला ‘टू’ कधीच नको. आपण मात्र ‘रीच’ला ‘टू’ लावतो आणि ‘गेट’चा खातो.

“हाऊ डू आय गेट टू द सिद्धेश्वर टेंपल?” म्हणजे सिद्धेश्वराच्या देवळाला कसं जायचं? परगावचा माणूस असं विचारतो तेव्हा त्याला रस्ता पाहिजे असतो. दर्शन मिळेल का, असं तो विचारत नसतो.

पायरी ५: पुढे क्रियापदाचं तिसरं रूप

“गॉट मॅरीड” म्हणजे लग्न झालं, “गॉट हर्ट” लागलं, “गॉट लॉस्ट” वाट चुकलो, “गॉट सिलेक्टेड” निवड झाली. मराठीतल्या ‘झालं’सारखंच, फार विचार करू नका. फक्त लग्न ‘टू’ने होतं, ‘विथ’ने नाही: “शी गॉट मॅरीड टू अ डॉक्टर”.

पायरी ६: करून घेणे (इथे थांबून वाचा)

शेठचा डबा बंद झाला तो या पायरीवर. पुढे आधी वस्तू आणि मग क्रियापदाचं तिसरं रूप आलं, की काम दुसऱ्याकडून करून घेतलं असा अर्थ होतो.

“आय कट माय हेअर”: मी माझे केस कापले, स्वतः, आरशासमोर.
“आय गॉट माय हेअर कट”: मी केस कापून घेतले, सलूनमध्ये.

“वी विल गेट द टॉवेल्स टेस्टेड” हे असंच: आम्ही टॉवेल तपासून घेऊ. मी ‘गेट’ आणि ‘टॉवेल्स’ एवढंच वाचलं आणि थांबले. ‘टेस्टेड’ शेवटी होतं, तेच खरं सांगत होतं. तेव्हापासून माझा नियम आहे: ‘गेट’ दिसलं की वाक्य संपेपर्यंत अर्थ लावायचा नाही.

मराठीत ‘घेणे’ जोडून आपण हे दिवसभर करतो. ब्लाउज शिवून घेतला, गाडी दुरुस्त करून घेतली, दाखला काढून घेतला. तुमच्या मनातल्या मराठी वाक्यात ‘करून घेतलं’ असेल तर हा साचा डोळे मिटून वापरा: “आय गॉट माय ब्लाउज स्टिच्ड”, “आय गॉट द बाईक रिपेअर्ड”. क्रम मात्र हलवू नका. “आय गॉट स्टिच्ड माय ब्लाउज” म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, टाके तुम्हालाच पडले.

आता माणसाकडून. इथे साचा बदलतो: माणूस, मग ‘टू’, मग साधं क्रियापद. “आय गॉट द ड्रायव्हर टू वेट”, ड्रायव्हरला थांबायला लावलं.

हे ‘लावलं’ नेमकं कसं लावलं, यावर इंग्रजीत तीन वेगळी क्रियापदं आहेत, आणि त्यांतला फरक मला कुणी शिकवला नाही, कामावर कळला. समजा, लूमवरच्या कारागिराने रविवारी यावं असं मला वाटतं.

“आय हॅड हिम कम ऑन संडे”: मी त्याला यायला सांगितलं. त्याचं कामच ते, सांगितलं की येतो.
“आय मेड हिम कम ऑन संडे”: यायला भाग पाडलं. त्याची इच्छा नव्हती.
“आय गॉट हिम टू कम ऑन संडे”: मनवलं. चहा पाजला, पोराच्या शाळेची चौकशी केली, जास्तीचे पैसे कबूल केले, आणि तो आला.

‘गॉट’मध्ये खटपट आहे. आणि ‘टू’ फक्त ‘गॉट’लाच आहे, बाकी दोघांना नाही, “मेड हिम टू कम” ही आपल्याकडची अगदी ठरलेली चूक. मेलमध्ये हे जपून वापरा. गिऱ्हाइकाला “वी मेड द वर्कर्स वर्क ऑन संडे” असं लिहिलंत तर तिकडे भलताच अर्थ जाईल आणि तपासणीचा माणूस येईल.

पायरी ७: ‘गेट टू’, ‘हॅव गॉट’ आणि ‘हॅव गॉट टू’

या तिघांत गल्लत होते कारण दिसायला ते सख्खे भाऊ आहेत.

‘गेट टू’च्या पुढे क्रियापद आलं की ‘करायला मिळालं’: “आय गॉट टू सी द अक्षता सोहळा”. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हा सोहळा होतो त्या संमती कट्ट्याजवळ उभं राहायला जागा मिळाली की काय वाटतं, ते सोलापूरकराला सांगायला नको. तो आनंद, ती संधी ‘गॉट टू’मध्ये आहे. नुसतं “आय सॉ” म्हटलं की पाहिलं, संपलं.

‘हॅव गॉट’ म्हणजे आहे. “आय हॅव गॉट थ्री सिस्टर्स”, मला तीन बहिणी आहेत. यात मिळण्याबिळण्याचा काही संबंध नाही. प्रश्न विचारताना “हॅव यू गॉट अ पेन?” किंवा “डू यू हॅव अ पेन?”, दोन्हींपैकी एक घ्या. “डू यू हॅव गॉट” ही खिचडी आहे.

‘हॅव गॉट टू’ म्हणजे करावंच लागेल. “आय हॅव गॉट टू गो”, मला गेलंच पाहिजे. बोलताना ‘हॅव’ जवळपास गिळला जातो आणि कानावर “आय गॉटा गो” येतं. ऐकून समजा, लिहू नका.

अमेरिकन गिऱ्हाईक असेल तर एक बारकावा. तो “आय हॅव गॉट द सॅम्पल्स” म्हणाला तर सॅम्पलं त्याच्याकडे आहेत. “आय हॅव गॉटन द सॅम्पल्स” म्हणाला तर त्याला ती आली. इंग्लंडचा माणूस दोन्हीसाठी ‘गॉट’च म्हणेल.

पायरी ८: शेपट्या

ऑन, ऑफ, अप, बॅक, थ्रू असे बारके शब्द मागे लागले की ‘गेट’ पार वेगळं होतं. याद्या पाठ करू नका. रोज लागणारे आधी घ्या.

चढ-उतारापासून सुरुवात करा. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, तिथे ‘ऑन’ आणि ‘ऑफ’: बस, रेल्वे, विमान. वाकून आत शिरून बसावं लागतं तिथे ‘इन’ आणि ‘आउट’: मोटार, रिक्षा. मोटरसायकल आणि सायकल ‘ऑन’मध्ये, कारण आपण वर बसतो. म्हणजे “आय गॉट आउट ऑफ द रिक्षा अँड गॉट ऑन द हुतात्मा”, रिक्षातून उतरून हुतात्मा एक्सप्रेसमध्ये चढले. आपण दोन्हीकडे “गेट डाउन” म्हणतो. भारतात कंडक्टरसुद्धा म्हणतो, त्यामुळे अडत काही नाही, पण परदेशी माणूस ‘गेट डाउन’ ऐकून खाली वाकेल.

“गेट थ्रू” म्हणजे फोन लागणे. “आय कुडन्ट गेट थ्रू”, फोन लागलाच नाही. “गेट बॅक टू यू” म्हणजे कळवतो. हे मी मेले तरी विसरणार नाही. “गेट बॅक” एकटंच असेल आणि मागे ‘टू’ लागून माणूस नसेल, तर मात्र परत येणे किंवा परत मिळणे. माझ्या मेलमध्ये ‘टू यू’ स्पष्ट होतं, ते मी पाहिलं नाही.

“गेट अलाँग विथ” म्हणजे पटणे: सासूचं-सुनेचं पटतं. “गेट ओव्हर” म्हणजे आजारातून, दुःखातून सावरणे. “गेट बाय” म्हणजे भागणे, कसंबसं निभणे. पगारात भागतं, मोडक्या कन्नडमध्ये निभतं. “गेट रिड ऑफ” म्हणजे नको ते घालवणे. “गेट अवे विथ” म्हणजे करूनसवरून नामानिराळं राहणे, आणि याचं उदाहरण प्रत्येक ऑफिसात एक तरी असतं, नाव घेत नाही.

बाकीचे भेटतील तसे वहीत टाका. माझी पद्धत अशी: निळ्या पेनाने पूर्ण इंग्रजी वाक्य, खाली लाल पेनाने आपण घरात बोलतो तसं मराठी. ‘गेट थ्रू = संपर्क साधण्यात यशस्वी होणे’ असलं काही लिहू नका. ‘फोन लागला’ लिहा. कोशातलं मराठी ऐन वेळी आठवत नाही.

पायरी ९: कुठे वापरायचं नाही

‘गेट’ घरगुती आहे. बोलण्यात, ओळखीच्या माणसाला लिहिलेल्या मेलमध्ये शोभतं. नोकरीचा अर्ज, बँकेचं पत्र, विद्यापीठातला निबंध यांत त्याच्या जागी ठोस शब्द घाला: ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’, ‘अंडरस्टँड’. “आय गॉट युअर लेटर” चूक नाही, पण अर्जात ते बनियनवर मुलाखतीला गेल्यासारखं दिसतं.

मला हे नीट कळलं ते भाचीच्या निबंधावरून. विषय सोलापूरचे चार हुतात्मे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी दिली. भाचीने लिहिलं होतं, “दे गॉट हँग्ड”. व्याकरण बरोबर आहे, पण वाचून अंगावर काटा येण्याऐवजी कसंतरीच झालं. ‘गॉट’ने पायरी ५ मधलं ‘वाट चुकलो’, ‘लागलं’ असल्या रोजच्या घडामोडींचा सूर येतो. तिथे “दे वेअर एक्झिक्यूटेड” हवं. हे कोशात क्वचितच सापडतं, कानाला लागावं लागतं.

उलट टोकही वाईट. चहाच्या टपरीवर मित्राला “आय हॅव रिसीव्ह्ड युअर मेसेज अँड अंडरस्टुड द सेम” म्हणणारे लोक आमच्या ऑफिसात आहेत. “गॉट इट” म्हणा की!

पायरी १०: सराव

रोज पाच वाक्यं, जास्त नको. दिवसभरात जिथे मराठीत ‘मिळालं, झालं, पोचलो, करून घेतलं, लागलं’ बोललात, त्यातली पाच उचला आणि ‘गेट’ने लिहा. उलट दिशाही करा. ही घ्या पाच, उत्तरं खाली आहेत, आधी हाताने झाका.

१. “आय गॉट ऑफ ॲट कुर्डुवाडी.”
२. “शी गॉट हर वॉच रिपेअर्ड इन नवी पेठ.”
३. “इट गॉट डार्क बिफोर वी गॉट टू पंढरपूर.”
४. “आय कुडन्ट गेट थ्रू, सो आय गॉट माय ब्रदर टू ट्राय.”
५. “वी हॅव गॉट टू गेट द सॅम्पल्स रेडी बाय फ्रायडे.”

उत्तरं: पहिलं, कुर्डुवाडीला उतरले. दुसरं, तिने नव्या पेठेत घड्याळ दुरुस्त करून घेतलं. स्वतः केलं असं लिहिलंत तर पायरी ६ पुन्हा वाचा. तिसरं, पंढरपूरला पोचायच्या आतच अंधार पडला. पहिलं ‘गॉट’ होण्याचं, दुसरं पोचण्याचं. चौथं, मला फोन लागेना, मग भावाला लावून बघायला लावला. पाचवं, शुक्रवारपर्यंत सॅम्पलं तयार करावीच लागतील. हे पाचवं वाक्य आमच्या ऑफिसात दर सोमवारी ऐकू येतं, आणि शेठचा पुतण्या आता ते माझ्याकडून तपासून घेतो.